'पेट फ्रेंडली' म्हणून १,८५० रुपयांना विष विकलं

लिहू की नको असं आठ दिवस चाललं होतं, लोक हसणारच. पण काल आमच्या सोसायटीतल्या एकीने मला फसवलेल्या त्याच झाडवाल्याकडून तोच झाडांचा कॉम्बो आणलेला बघितला आणि डोकंच फिरलं.

गेल्या महिन्यात कोथरूडला एक प्रदर्शन होतं. एका स्टॉलवर घरात ठेवायची झाडं, वर पाटी 'पेट फ्रेंडली कॉम्बो, ५ झाडं १,८५०'. एकाही कुंडीला नावाची चिठ्ठी नाही. आमचा गुंड्या दीड वर्षाचा, गावठी, दिसेल ते चावून बघणारा, म्हणून मी एकदा नाही तीनदा विचारलं की दादा कुत्र्याला चालतील ना, तर म्हणे "ताई, माझ्या घरी दोन लॅब आहेत, बिनधास्त न्या." नाव विचारलं तर "मिनी पाम". आता तुम्ही म्हणाल फोटो काढून गूगलवर बघायचं ना. दोन्ही हातात पिशव्या, मागे गर्दी, नवऱ्याचे पार्किंगमधून फोनवर फोन. जीपे केलं आणि निघाले. बिल मागितलं नाही, कबूल. तुम्ही मागा, आणि त्यावर झाडाचं खरं नाव लिहून घ्या, 'मिनी' नि 'लकी' असलं काही चालवून घेऊ नका.

खरं तर मला तिथेच कळायला हवं होतं. कुंडी उचलताना त्या 'पाम'चं पान बोटाला टचकन टोचलं, थेंबभर रक्त आलं. आईकडे पंधरा वर्षं अरेका पाम आहे, तो कधी कुणाला टोचला नाही! ह्याची पानं कडक, टोकं सुईसारखी, मधे अननसासारखा खवल्याखवल्यांचा बुंधा. आणि मी काय केलं, बोट चोखत म्हटलं, "किती फ्रेश आहे ना." ते वाक्य आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. कुंडीवर खरवडलेल्या स्टिकरचा चिकट डागही होता, तो घरी आल्यावर दिसला, तरी मी गप्प.

चौथ्या दिवशी गुंड्याने पानं आणि बुंध्याचा तुकडा कुरतडला. रात्रभर उलट्या, सकाळी पाणीही पोटात ठरेना. डॉक्टरांनी पहिलं विचारलं कुठलं झाड, मी म्हटलं पाम. फोटो दाखवला तर त्यांचा चेहराच बदलला. सायकस. त्यालाच सागो पाम म्हणतात, पण तो पाम नाहीच. अख्खं झाड विषारी, बिया तर सगळ्यात जास्त, आणि घाव लिव्हरवर, तोही कधी कधी दोन-तीन दिवसांनी दिसतो, म्हणजे उलट्या थांबल्या म्हणून बरा झाला असं समजू नका, आणि घरी मिठाचं पाणी पाजत बसू नका, झाडाचं पान पिशवीत घालून सरळ डॉक्टर गाठा. आमच्या माळीकाकांनी ते झाड लांबूनच ओळखलं. मग विकणाऱ्याला माहीत नव्हतं? उरलेल्या चारात एक डिफेनबेकिया निघालं, ते चावलं तर तोंडाची आग आग होते.

तपासणी ७००, रक्त दोनदा ३,२००, तीन दिवस सलाईन ७,५००, औषधं १,९४०. एकूण १३,३४०. गुंड्या वाचला. विकणारा म्हणे, "एका झाडाचे ३५० परत देतो."

आयोजक म्हणाले स्टॉलवाल्याची जबाबदारी. चौकीत साहेब हसले, "मॅडम, कुत्र्याने झाड खाल्लं, आरोपी कोण लिहू?" बाजूचा हवालदारही हसला. एका सरकारी ऑफिसात तीन टेबलं फिरवून सांगितलं की आमच्याकडे फळझाडांच्या रोपवाटिकांचं बघतात, शोभेच्या झाडांचं नाही. मग कुणाकडे? "महापालिकेत विचारा." महापालिकेतल्या माणसाने परत त्याच ऑफिसचा पत्ता दिला! हापूसचं कलम खोटं निघालं तर दाद आहे, आणि घरात विष आणून ठेवलं तर कुणाचं खातंच नाही. ह्या फेऱ्यांत अर्ध्या दिवसाच्या दोन रजा गेल्या त्या वेगळ्याच.

आता ग्राहक आयोगात जाणार आहे, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. पुरावा काय, तर जीपेचा स्क्रीनशॉट आणि पाटीचा एक फोटो, तोही मागे चुकून आलेला. मांजरवाल्यांनो, लिली घरात आणूच नका, किडनी जाते. अरेका, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न चालतात, पण ओळखीच्या नर्सरीतून, नाव बघून.

तो सायकस पुरावा म्हणून ठेवलाय, बाल्कनीत जाळीच्या पलीकडे. पाणी घालत नाही तरी मेल्याला नवीन पानं फुटतायत.