नारायण पेठेतल्या इन्शुरन्सवाल्या काकू आणि माझी पहिली पॉलिसी

एप्रिलमध्ये माझं पक्कं लायसन्स आलं. भोसरीच्या ट्रॅकवर पहिल्या खेपेला नापास, दुसऱ्या खेपेला पास. मे महिन्यात धायरीच्या मामानं त्याची २०१९ची वॅगन आर मला तीन लाख दहा हजारांना दिली. "घरातलीच गाडी, घरातच राहिली" असं तो तीनदा म्हणाला, पण वरचे दहा हजार काही सोडले नाहीत.

गाडी दारात यायच्या आधीच विम्यावरून घरात परिषद भरली. इंग्लंडमध्ये लेस्टरला असणारा चुलतभाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, तेवीस वर्षांची नवी ड्रायव्हर म्हणजे तुझा खिसा रिकामा. त्याच्याकडे वय आणि लायसन्सची वर्षं पाहून प्रीमियम लावतात, नवख्यांच्या गाडीत ब्लॅक बॉक्स बसवतात, तो ब्रेक कसे मारता तेही मोजतो. त्यामुळे आईनं लगेच ठरवून टाकलं की गाडी बाबांच्या नावावर घ्यायची. बाबांकडे लायसन्सच नाही. ते आजही पीएमपीचा पास काढतात.

मी आधी काय केलं, तर रात्री अकरा वाजता एका तुलना करणाऱ्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला. नाव लिहीत नाही, सगळ्या सारख्याच असाव्यात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा फोन. खराडीच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन थरथरतोय आणि पलीकडून "मॅडम, आपकी गाडी का इन्शुरन्स...". स्क्रीनवर सगळ्यात वर साडेसहा हजारांची पॉलिसी होती. मला वाटलं, झालं काम. पैसे भरणारच होते, तेवढ्यात ऑफिसातल्या एका ताईंनी काकूंचं नाव सांगितलं. "आधी त्यांना दाखव, मग भर."

काकूंचं ऑफिस नारायण पेठेत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात. एक टेबल, एक प्रिंटर, दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर फायली. मी फोनवरचं कोटेशन पुढे केलं. त्यांनी ते पाहायलाच नकार दिला. "छापून आण, पुढेच आहे की मशिन." दोन रुपये देऊन छापून आणलं. मग त्यांनी ड्रॉवरमधून लाकडी फूटपट्टी काढली, कागदावर आडवी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत हिरव्या पेननं खुणा करत गेल्या. ओळ संपली की पट्टी खाली. लहानपणी पाढे तपासायला बाई अशा पट्टी ठेवायच्या.

पहिली ओळ थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे समोरच्याचं होणारं नुकसान, २,०९४ रुपये. "हा दर सरकार ठरवतं. कुठल्याही कंपनीत जा, हाच." हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला जून २०२२ मध्ये ठरलेला हा दर. मामाची गाडी ९९८ सीसीची. त्याच वॅगन आरचं १२०० सीसीच्या आसपासचं इंजिन असतं, तर याच ओळीत ३,४१६ आले असते. गाडी निवडताना हे कुणीच सांगत नाही. सगळे मायलेज आणि रंगावरच बोलत बसतात.

दुसरी ओळ ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. कंपन्यांची स्पर्धा खरी इथे असते. मी विचारलं, "काकू, माझं वय यात कुठे धरलंय?" त्यांनी पट्टीवरून वर पाहिलं. "वय कोण विचारतंय? गाडी किती जुनी, किती सीसीची, तिची किंमत किती आणि गाव कुठलं, एवढं बघतात." गाव म्हणजे विभाग. विम्याच्या जुन्या दरपत्रकात अ विभागात आठ शहरं आहेत: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे. उरलेला देश ब विभागात. म्हणजे साताऱ्याच्या गाडीपेक्षा आमच्या गाडीचा मूळ दर थोडा चढा. पुण्याला महानगर म्हणून मान मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि त्याचेही पैसे पडतात.

बाबांच्या नावाचा बेत तिथेच संपला. मालकाचा वैयक्तिक अपघात विमा पंधरा लाखांचा असतो आणि तो मालकाकडे लायसन्स असेल तरच लागू होतो. बाबांच्या नावावर घेतली असती, तर त्यांना तो मिळाला नसता आणि बाकीचा प्रीमियम एक रुपयानंही कमी झाला नसता. "वडिलांचा जुना नो क्लेम बोनस असता तर गोष्ट वेगळी," काकू म्हणाल्या. म्हणजे आधीच्या गाडीवर क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत. बसच्या पासवर बोनस मिळत नाही.

मग पट्टी आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर आली आणि तिथेच थांबली. माझ्या स्वस्त कोटेशनमध्ये गाडीची किंमत १,९५,००० धरली होती. तीन लाख दहा हजारांना घेतलेली गाडी! चोरीला गेली किंवा पार चुराडा झाली, तर हातात येणार हीच रक्कम. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत घसाऱ्याचे टक्के ठरलेले असतात. त्यानंतर कंपनी आणि गिऱ्हाईक यांनी मिळून किंमत ठरवायची असते, आणि वेबसाइटनं माझ्या वतीनं परस्पर "मिळून" ठरवून टाकलं होतं. अपघात विम्याच्या चौकोनातली खूणही काढलेली होती. काकूंनी दोन्हींवर हिरवे गोल काढले आणि कागद माझ्याकडे फिरवला.

एवढ्यावर निघणार होते, तर त्यांनी सहज विचारलं, "मामांची पॉलिसी अजून चालू आहे का?" होती, ऑगस्टच्या मध्यापर्यंत. मामा म्हणाला होता, तोवर बिनधास्त चालव, मग बघू. मीही तसंच धरून चालले होते.

हे ऐकल्यावर त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. गाडी विकली गेली की थर्ड पार्टीचा भाग कायद्यानं नव्या मालकाकडे आपोआप येतो. ओन डॅमेजचा येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. तोवर मी गाडी कुठे ठोकली असती, तर समोरच्याचं भागलं असतं आणि माझी गाडी माझ्याच खर्चानं सरळ झाली असती. आणखी एक. मामानं सहा वर्षांत एकही क्लेम केला नव्हता, म्हणून त्याच्या पॉलिसीत ५० टक्के नो क्लेम बोनस होता. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. भाचीला मिळत नाही. उलट उरलेल्या तीन महिन्यांसाठी त्या सवलतीचा फरक मला भरावा लागला. नावबदलाची फी आणि जीएसटी धरून ६३४ रुपये. गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० मामाकडून सही करून आणायला मला तीन रविवार लागले असते. काकूंनी त्याला स्वतः फोन केला आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला संगम ब्रिजच्या आरटीओत हजर.

त्याचं कारण नंतर कळलं. काकूंनी त्याला सांगितलं होतं की गाडी विकल्याचे कागद दिले, तर त्याचा ५० टक्के बोनस पत्रावर राखून ठेवता येतो आणि तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला वापरता येतो. त्याच्या नव्या गाडीच्या विम्यात आठेक हजार वाचले. त्यानं काकूंना हापूसची पेटी पाठवली. मला नाही.

ऑगस्टमध्ये माझी स्वतःची पॉलिसी झाली. आयडीव्ही २,९०,०००. ओन डॅमेज ३,८००, थर्ड पार्टी २,०९४, अपघात विमा ३२५, झिरो डेप १,४५०. वर अठरा टक्के जीएसटी. एकूण ९,०४९. झिरो डेपवर, म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापण्याच्या जोडविम्यावर मी अडून बसले होते, सहा वर्षांच्या गाडीला कशाला म्हणून. काकूंनी माझ्याच गाडीचा बंपर बोटानं वाजवून दाखवला. प्लास्टिक, रबर, नायलॉन यांच्या भागांवर साध्या पॉलिसीत निम्मा घसारा कापतात, आणि नवशिक्या माणूस सगळ्यात आधी जे ठोकतो ते प्लास्टिकच असतं. व्हॉलंटरी कपात मात्र त्यांनी घेऊ दिली नाही. साडेसातशे रुपये वाचत होते, पण दर क्लेमला अडीच हजार पदरचे भरावे लागले असते. "दोन-तीन वर्षं हात बसू दे, मग घे."

आता वेबसाइटवरही अन्याय नको. मी घरी येऊन तिथेही हीच आयडीव्ही, हेच झिरो डेप, हाच अपघात विमा टाकून पाहिला. ८,६३० आले. म्हणजे काकूंकडे मी ४१९ रुपये जास्त मोजले. ज्याला कोटेशन वाचता येतं त्यानं वेबसाइटवरून खुशाल घ्यावी, फक्त फोन नंबर जपून द्यावा. मला वाचता येत नव्हतं. तिथे किलोमीटरप्रमाणे पैसे भरायचाही पर्याय होता. माझी गाडी शनिवार-रविवारच निघते, त्यामुळे मोह झाला. पण ठरलेले किलोमीटर संपले आणि वाढवायचे राहिले, तर ओन डॅमेज बंद. आमच्या घरात गॅसचं बुकिंगसुद्धा सिलिंडर संपल्यावर होतं.

काकूंबद्दल तक्रारीही आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देत नाहीत, निळ्या खुणा दिसतात आणि पुढे शांतता. दोनच कंपन्यांचं काम करतात, तिसरीचं नाव काढलं की चेहरा बदलतो. पॉलिसीची पीडीएफ दोन दिवस उशिरा आली आणि चासी नंबरातला एक आकडा चुकला होता. गंमत म्हणजे चासी आणि इंजिन नंबर आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी ताडून बघायला त्यांनीच बजावलं होतं, म्हणून तर सापडला. दुरुस्ती फुकट झाली, पण चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत मी गाडी सोसायटीबाहेर काढली नाही. "माझंच चुकलं गं," एवढं मात्र लगेच म्हणाल्या.

ऑक्टोबरमध्ये व्हायचं ते झालं. वडगावच्या आमच्या सोसायटीत तळघरातलं पार्किंग आहे आणि माझ्या जागेला लागून एक खांब आहे. कडेनं आधीच चार रंगांचे ओरखडे असलेला. त्यात माझा चंदेरी जमा झाला. मागच्या बंपरचा डावा कोपरा खरवडला आणि आत गेला. शोरूमनं ७,२०० सांगितले. क्लेम केला तर माझ्या खिशातून कंपल्सरी कपातीचे फक्त हजार जाणार होते. मी फोटो काढून तयारच होते.

काकूंनी पट्टी काढली नाही, कागदाच्या मागे नुसता हिशेब मांडला. क्लेम केला की पुढच्या ऑगस्टला मिळणारा २० टक्के बोनस गेला. ३,८००चे ७६०, जीएसटीसह ८९७. अधिक कपातीचे हजार. झाले १,८९७. मग म्हणाल्या, नाना पेठेत आधी विचार. तिथल्या एका गॅरेजवाल्यानं गरम हवेनं कोपरा बाहेर काढला, रंग मारला, १,८०० घेतले. फरक सत्त्याण्णव रुपयांचा. मी क्लेम केला नाही. रंग उन्हात जरा वेगळा दिसतो, तळघरात कळत नाही. नुकसान मोठं असतं, तर क्लेमच करायला लावला असता, असंही त्या म्हणाल्या. हे आवर्जून लिहिते, कारण "एजंट क्लेमच करू देत नाहीत" असं आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं ठाम मत आहे.

नव्या ड्रायव्हरांना त्या आणखी एक विचारतात, म्हणून जाताना तयारीनं जा: गाडी कोण कोण चालवणार? माझा धाकटा भाऊ आता लर्निंगवर आहे. लर्निंगवाला चालवत असेल तरी विमा लागू राहतो, पण शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा आणि पुढे-मागे लाल एल हवा. भावानं स्टिकर आणलेत. शेजारी मी बसते, डोळे खांबावर.

काकूंना सांगितलं की तुमच्याबद्दल लिहितेय. म्हणाल्या, लिही, पण नाव-नंबर घालू नकोस, आधीच फोन उचलायला माणूस नाही. तेव्हा पत्ता हवा असेल तर नारायण पेठेत झेरॉक्सच्या दुकानांत मागे डोकावून बघा, हिरव्या पेनवरून ओळखाल. आरसी, लायसन्स आणि जुनी पॉलिसी छापून न्या. शनिवारी जाऊ नका. शनिवारी त्या खुर्चीवर झेरॉक्सवाल्याचा डबा असतो.