लॉग टाकू की व्ह्यू डीबगर उघडू?

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात नव्याने आयओएस शिकणाऱ्यांचा हमखास प्रश्न: बटण भलत्याच जागी दिसतंय, मग आधी प्रिंट टाकायचे (म्हणजे लॉग, कोडमधून कन्सोलच्या खिडकीत छापलेल्या ओळी) की एक्सकोडचा, म्हणजे ॲपलच्या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरचा, व्ह्यू डीबगर उघडायचा? मी उलट विचारते, गडबड 'कुठे' आहे की 'कधी' होतेय?

व्ह्यू डीबगर म्हणजे पुण्याच्या अलका चौकात गणपती विसर्जन मिरवणुकीचा काढलेला फोटो. ॲप त्या क्षणी थांबतं आणि व्ह्यूंचे (स्क्रीनवरच्या बटण, चित्र अशा घटकांचे) थर सुटे करून, फिरवून बघता येतात. कोण कोणाच्या मागे दडलंय, कोणाची उंची शून्य झालीये, कुठला कन्स्ट्रेंट (जागा-माप ठरवणारा नियम) लावायचा राहिला, सगळं समोर. हेच प्रिंट टाकून शोधायला बसलात तर आकडे वाचण्यात दुपार जाते. पण फोटोवरून मानाच्या गणपतींपैकी तांबडी जोगेश्वरी आधी गेली की गुरुजी तालीम, हे कसं कळणार?

क्रमासाठी, म्हणजे 'कधी'साठी, लॉगच. स्क्रीन उघडताना आयओएस या मेथड (कोडचे ठरलेले तुकडे) ओळीने बोलावते: व्ह्यू डिड लोड, व्ह्यू विल अपिअर, व्ह्यू इज अपिअरिंग, व्ह्यू डिड लेआउट सबव्ह्यूज, व्ह्यू डिड अपिअर. पाचही ठिकाणी एकेक ओळ, सोबत बाउंड्स (व्ह्यूचं माप) छापायचे. माझा गोल प्रोफाइल फोटो छोट्या फोनवर लिंबासारखा टोकदार दिसायचा. डीबगरमध्ये रुंदी ९६, अगदी बरोबर. लॉगमध्ये मात्र व्ह्यू डिड लोडच्या वेळी १२८! मी कॉर्नर रेडियस (कोपऱ्यांची गोलाई) तिथेच, स्टोरीबोर्डच्या (स्क्रीनच्या आधी आखलेल्या आराखड्याच्या) मापावरून काढून बसले होते.

तो हिशोब व्ह्यू डिड लेआउट सबव्ह्यूजमध्ये हलवला. फरक इतकाच, मानाचा गणपती एकदाच जातो, ही मेथड पुन्हा पुन्हा येते. तिथे ग्रेडियंटचा (एकमेकांत मिसळणाऱ्या रंगांचा) लेअर ॲड केलात तर थरावर थर चढतात. ॲपलने २०२३ मध्ये आणलेली व्ह्यू इज अपिअरिंग (आयओएस १३ पर्यंत मागे चालते) स्क्रीन समोर येताना एकदाच येते. मूळ व्ह्यूचं माप तेव्हा खरं असतं, आतल्या व्ह्यूंचं मात्र गृहीत धरू नका.

कन्सोलवर कन्स्ट्रेंट जुळत नसल्याची लांबलचक तक्रार येत असेल तर मात्र दोन्ही सोडा. 'यूआयव्ह्यू अलर्ट फॉर अनसॅटिस्फायेबल कन्स्ट्रेंट्स' या नावाचा सिम्बॉलिक ब्रेकपॉइंट (त्या नावाचं फंक्शन चालताच ॲप थांबवणारी खूण) लावा आणि कन्स्ट्रेंटना आयडेंटिफायर (ओळखायला नाव) द्या, नाहीतर ती तक्रार मोडी लिपीसारखी वाचावी लागते.

अँड्रॉइडवाल्यांचा 'फोटो', म्हणजे व्ह्यू डीबगरसारखं साधन, म्हणजे लेआउट इन्स्पेक्टर. क्रमाच्या भानगडीसाठी डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू करून ॲपमधून बाहेर पडा, परत या. जपून न ठेवलेली स्टेट (स्क्रीनवरची त्या वेळची माहिती) लगेच उघडी पडते. ऑन-क्रिएटमध्ये (स्क्रीन तयार होतानाच्या मेथडमध्ये) रुंदी शून्य येते म्हणून मात्र घाबरू नका, तेव्हा लेआउट झालेलाच नसतो.

आणि बग क्षणभर चमकून जात असेल तर डीबगरच्या नादी लागू नका. तुम्ही पॉज दाबेपर्यंत लेआउट पुन्हा होऊन सगळं जागेवर बसलेलं असतं.