'लिटल ब्रदर' : शिकवणीत वाचलेली कादंबरी

मी नंदुरबारला अकरावी-बारावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. उन्हाळ्यात अभ्यासाबाहेरचं एक पुस्तक मोठ्यानं वाचायचं, हा माझा शिरस्ता. यंदा कोरी डॉक्टरो यांची २००८ सालची 'लिटल ब्रदर' घेतली. लेखकानं ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत दिली आहे. धंदा करायचा नसेल तर प्रती काढून वाटायला मुभा आहे. म्हणून झेरॉक्सवाल्याकडे निर्धास्त गेले आणि तीन प्रती स्पायरल करून आणल्या.

गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोतली. पुलावर स्फोट होतो आणि सतरा वर्षांच्या मार्कसला मित्रांसह सुरक्षा खात्याची माणसं उचलतात. कारण सांगत नाहीत, घरी कळवत नाहीत, वर फोन उघडून दाखव म्हणतात. "मॅडम, शिरीषकुमार याच्याहून लहान होता," एक मुलगी म्हणाली. खरंच आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला 'चले जाव'च्या मिरवणुकीत आमच्या गावात त्याला इंग्रजांच्या पोलिसांची गोळी लागली तेव्हा त्याला सोळावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. माणिक चौकातल्या स्मारकावरून ही मुलं रोज जातात.

तिथेच पुस्तक मिटलं आणि घटनेचं कलम २२ फळ्यावर लिहिलं. अटकेचं कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करायचं. प्रतिबंधक स्थानबद्धतेला यातून वगळलंय, तेही त्याच कलमात आहे, म्हणून तेही लिहिलं. त्यावर तासभर बोललो.

मला सर्वांत आवडला तो गणिताचा भाग. दहा लाखांत एकालाच असलेला आजार आणि ९९ टक्के अचूक चाचणी. ऐकायला उत्तम. पण सगळ्यांची चाचणी केली तर एका रुग्णापायी दहा हजार निरोगी माणसं रोगी ठरतात. दहशतवादी हुडकणाऱ्या यंत्रांचंही तसंच, असं मार्कस सांगतो. मुलांनी लगेच आपल्या जिल्ह्याचा हिशेब मांडला. २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास लोक, म्हणजे साडेसोळा हजार निरपराध संशयित. नाक्यावर, स्टँडवर, बाजारात आपल्यातलंच कुणीतरी. "मॅडम, हाई ते आपलीच गोष्ट शे!" मागच्या बाकावरून आलं.

आणि एक प्रसंग. मार्कसचा मित्र होलू त्याला सांगतो की तू गोरा आहेस, पकडले गेलो तर तुझे आणि माझे हाल सारखे नसतील. माझ्या वर्गात धडगावकडचा एक पावरा आदिवासी मुलगा आहे, वसतिगृहात राहतो, फारसा बोलत नाही. तो म्हणाला, "हे पान परत वाचा." मी वाचलं. मग तो बोलत राहिला, आणि आम्ही ऐकलं.

उणिवाही आहेत. संगणकाची माहिती मध्येच पानंच्या पानं चालते, तिथे मुलं कंटाळली. मी बरंच गाळलं. मोठी माणसं बहुतेक एकतर दुष्ट नाहीतर भित्री. मार्कस आणि त्याच्या मैत्रिणीचे काही जवळिकीचे प्रसंग मी वर्गात वाचले नाहीत. पालकांनी आधी स्वतः चाळून घ्यावं. इंग्रजी बोलीभाषेचं आहे, दहावीच्या मुलाला एकट्याला जड जाईल.

पण परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. त्या मुलाच्या वसतिगृहात अधूनमधून मुलांचे मोबाइल घेऊन त्यातले मेसेज वाचले जायचे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हे त्याला वर्गात समजलं होतं. त्यानं अर्ज लिहिला : कोणत्या नियमानं तपासता, तो नियम लेखी द्यावा. भाषा नम्र, खाली अकरा सह्या. मी फक्त दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या.

लेखी उत्तर आलेलं नाही, पण तेव्हापासून मोबाइल कुणी मागितला नाही. २०१३ सालचा पुढचा भाग 'होमलँड' दिवाळीच्या सुट्टीत घ्यायचाय. त्याआधी 'लिटल ब्रदर'ची आणखी एक प्रत काढावी लागेल. एक धडगावला गेलीय, तिथे ती आता त्याची बहीण वाचतेय.