इंग्लंडच्या थंडीत केळ, कर्दळ आणि अळू: 15 महिन्यांचा अनुभव

रेडिंगमधल्या आमच्या घरामागे जेमतेम आठ मीटर लांबीची बाग आहे. गेल्या वर्षी मेअखेरीस तिथे बाशो जातीची वीतभर केळ लावली. सोबत कर्दळ, अळू आणि फॅट्सिया नावाचं सदाहरित झुडूप. इथले शेजारी या बागेला 'एक्झॉटिक' म्हणतात. चिपळूणला आजोळी केळ, कर्दळ, अळू न्हाणीच्या सांडपाण्यावर आपसूक वाढायचे.

बाशो मूळची चीनची. तिची केळी खाण्याजोगी नसतात, तेव्हा घडाच्या आशेने घेऊ नका. घ्यायची ती पानांसाठी. जुलैच्या उन्हात जवळजवळ दर आठवड्याला नवी सुरळी उलगडते. झाड भारी खादाड आहे: कडक उन्हात रोज 10 लिटर पाणी, अधूनमधून कोंबडीखत. वारा मात्र तिला सोसत नाही. भिंतीच्या आडोशाची पानं अखंड राहिली, कुंपणावरून डोकावलेल्यांच्या चिंध्या झाल्या.

खरी कसोटी हिवाळ्याची. पहिलं गोठलेलं दहिवर पडलं आणि एका रात्रीत पानं काळी पडली. ती कापली, बुंध्याभोवती जाळीचं कडं केलं, आत पेंढा भरला. इथवर बरोबर होतं. मग वरून प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलं, ही माझी चूक. आतला ओलावा कोंडला आणि मार्चमध्ये उघडलं तर वरचा दोन फूट बुंधा कुजून लिबलिबीत झालेला. वास सुटला होता. फार वाईट वाटलं. पांढरा, टणक गाभा लागेपर्यंत कापत गेले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच गाभ्यातून हिरवं टोक वर आलं. ते पाहायला मी घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं. आता माझा नियम: पेंढ्यावर फक्त टोपी, पाऊस आत जाऊ नये इतकीच, बाजू हवेला मोकळ्या. जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर हवाच, कारण बुंधा गेला तरी कंद वाचला की केळ पुन्हा फुटते.

कर्दळीचे कंद ऑक्टोबरअखेर काढून, माती झाडून, कोरड्या लाकूडभुशात गॅरेजमध्ये ठेवले. सगळे जगले. अळूने दमवलं. भारतीय दुकानातली अरवी, म्हणजे अळूचे कंद, कुंडीत रुजवली, पण रात्री गार असल्या की ती हलतच नाही. ऑगस्टमध्ये कुठे पानं वळण्याजोगी झाली. आजवर अळूवड्या दोनदाच. हिवाळाभर कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवावी लागते, त्यामुळे जागा कमी असेल तर अळूचा नाद सोडावा.

काहीच करायला वेळ नसेल त्यांनी फॅट्सिया लावावा. उत्तरेच्या सावलीत, बारमाही हिरवा, पंज्यासारखी चकचकीत पानं. कडाक्याच्या थंडीत मान टाकतो, दुपारी पुन्हा ताठ. गनेराची भलीमोठी पानं पाहून मोह झाला होता, पण तो इथे ओढ्याकाठी माजतो म्हणून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

यंदा गणपतीला केळीची पाच पानं कापली. शेंडा डावीकडे ठेवून नैवेद्य वाढला, वरणभात, मोदक, लिंबाची फोड. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांनी पान कुठून आणलं विचारलं आणि मी फोन घेऊन बागेत गेले. बुंध्याशी तीन मुनवे आलेत. त्यातला एक पलीकडच्या गल्लीतल्या मराठी कुटुंबाला एप्रिलमध्ये द्यायचा आहे, जाळी आणि पेंढ्यासकट.