‘वाढत्या घरा’साठी आमचे ४,३९,५०० रुपये गेले

मी अठरा वर्षं पतपेढीत कर्जाच्या फायली तपासते. जामीनदाराच्या नावात एका अक्षराचा फरक दिसला तरी फाइल परत पाठवते. म्हणूनच पॅनेल जोडून बनणाऱ्या तयार घरासाठी फसल्याची ही गोष्ट सहा महिने माहेरीसुद्धा सांगितली नाही. आता सांगतेय, कारण ते घर विकणारा तोच माणूस नवं नाव लावून तीच जाहिरात परत करतोय.

रत्नागिरी जिल्ह्यात सासऱ्यांची गावठाणातली जागा आहे. जुनं मातीचं घर पडलं. सासूबाईंना उरलेले दिवस गावी काढायचेत. चिऱ्याच्या घराचा गवंड्याने १४ लाखांचा अंदाज दिला. घरपट्टीच्या उताऱ्यावर चुलत सासऱ्यांचीही नावं, त्यामुळे बँकेने कर्जाला नकार दिला. अशा वेळी कोणी म्हणालं की आज एक खोली, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम असं ३०० चौरस फुटांचं घर ६,४०,००० रुपयांत उभं करू आणि तीन वर्षांनी २,१०,००० रुपयांत बाजूला दोन खोल्या जोडून देऊ, तर तुम्ही काय केलं असतं? आम्हाला लोभी म्हणणारे नातेवाईक भेटले. आम्ही फुकट काही मागत नव्हतो. झेपेल तेवढं आज आणि उरलेलं पुढे, एवढाच हिशोब होता.

९ फेब्रुवारी २०२५ला, रविवारी, पुणे-सातारा रस्त्यावर त्याच्या यार्डात गेलो. नमुन्याचं घर खरंच छान होतं. आत पंखा, टाइल्स, सगळं. भिंतीचं पॅनेल पफचं (पॉलियुरेथेन फोमचं) आहे, उन्हात तापणार नाही, म्हणाला. मागच्या कुंपणाशी कापलेले तुकडे पडले होते, त्यांच्या कडेला पांढरे दाणे दिसत होते. साधं थर्माकोल. पफ पिवळसर आणि एकसंध असतं, त्यात दाणे नसतात. मी विचारलं. ‘ताई, तो लेबर कॉलनीचा माल आहे.’ पटलं. तिथेच ५१,००० रुपये यूपीआयने दिले.

आता ३ मार्चचं सांगते. ते आठवलं की अजून हातपाय गार पडतात.

बँकेत २,५०,००० रुपयांच्या आरटीजीएसचा फॉर्म भरत होते. कोटेशन एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं. खातं मात्र भलत्याच नावाच्या ट्रेडर्सचं. काउंटरवरच्या मुलीने स्वतःहून विचारलं, ‘मॅडम, नाव वेगळं आहे, चालेल ना?’ मी बाहेर येऊन त्याला फोन लावला. ‘आपलंच खातं आहे ताई, कंपनीच्या खात्याला ऑडिट लागलंय. पाडव्याला काम सुरू करायचं असेल तर आजच टाका.’ मी परत आत गेले आणि सही केली. त्या मुलीने दुसऱ्यांदा विचारलं नाही, तिचं काय चुकलं? हीच फाइल माझ्या टेबलावर आली असती तर मी लाल शेरा मारून परत पाठवली असती. त्या दिवशी सासूबाईंची मुदत ठेव मोडून रक्कम हातात होती, पाडवा तोंडावर होता आणि मिस्टर गावी चौथऱ्याचं काम बघत होते. कारणं सगळी खरी आहेत. सहीही माझीच आहे.

शिवाय त्याच कोटेशनवर जीएसटी क्रमांक छापलेला होता. त्यातलं सहावं अक्षर म्हणजे पॅनचं चौथं अक्षर. कंपनी असेल तर तिथे ‘सी’ असतं, एकट्या माणसाचा धंदा असेल तर ‘पी’. शिक्का कंपनीचा आणि क्रमांकात ‘पी’. हे मला माहीत होतं. पोरांनो, घरातल्या मोठ्यांचे असे व्यवहार तुम्ही बसून तपासा.

२८ मार्चला रोख १,२०,००० दिले. बिल नको म्हणालात तर जीएसटीचे अठरा टक्के, म्हणजे १,१५,२०० वाचतील, असं तो म्हणाला होता. घर बांधणाऱ्यांपैकी कोणाला असं सांगितलं जात नाही? पण त्या पैशांची आमच्याकडे फक्त कच्ची चिठ्ठी आहे. वाहतुकीचे १८,५०० वेगळे घेतले. चौथऱ्यावर आमचे ९६,००० गेले. परवानगी लागत नाही, घर हलवता येतं, हीसुद्धा त्याचीच थाप. चौथरा बांधलात म्हणजे बांधकाम झालं, परवानगी घ्यावीच लागेल, असं ग्रामपंचायतीने आम्हाला ऐकवलं.

२२ एप्रिलला टेम्पो आला. त्यात ११ पॅनेल, ४ खांब आणि दाराशिवाय एक चौकट. दिरांनी चलनावर ‘माल मिळाला’ अशी सही केली. त्यांना दोष देत नाही, पण खरी मेख इथेच आहे. माल मोजून, काय आलं आणि काय बाकी आहे ते स्वतःच्या अक्षरात चलनावर लिहिल्याशिवाय सही करू नका. मग मे महिन्यातच पाऊस लागला आणि त्याला सबब मिळाली. जूनपासून फोन बंद. पॅनेल कापून पाहिलं, आत थर्माकोल.

घर वाढणारही नव्हतं. गावातल्या फॅब्रिकेटरने नकाशा दोन मिनिटं बघून दाखवलं. छपराचा उतार खोल्या वाढवायच्या बाजूलाच, फुटाला दोन इंच. त्या बाजूची उंची ८ फूट. तोच उतार पुढे १२ फूट नेला तर बाहेरची भिंत ६ फुटांवर येते. खांबांना पुढचा सांगाडा जोडायच्या पट्ट्यासुद्धा नाहीत. ‘नंतर वाढवा’ म्हणणाऱ्याकडून वाढवलेल्या घराचा नकाशा आजच मागा आणि तो दुसऱ्या कोणाला तरी दाखवा.

पोलिसांकडे गेलो. राहत्या ठिकाणचं ठाणं म्हणालं, माल गावी उतरला, तिकडे जा. गावचं ठाणं म्हणालं, यार्ड पुण्याकडे, तिकडे जा. तिसऱ्या ठाण्यात तीन तास बसवून ठेवलं आणि साहेब म्हणाले, ‘ताई, थोडा का होईना, माल दिलाय ना? मग फसवणूक कशी? हा दिवाणी मामला आहे.’ ते ११ पॅनेल त्याने याच वाक्यासाठी पाठवले होते! गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. फसवून पैसे काढल्याचं कलम, न्याय संहितेचं ३१८(४), दखलपात्र आहे. मी दोन्ही छापून नेली होती. साहेबांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. ‘कायदा आम्हाला शिकवू नका.’ मिस्टरांच्या तीन रजा आणि माझ्या पाच रजा यातच संपल्या. एका सरकारी हेल्पलाइनने तक्रार घेतली आणि चाळीस दिवसांनी ‘समोरून प्रतिसाद नाही’ म्हणून बंद केली. अरे, प्रतिसाद देत नाही हीच तर आमची तक्रार होती! रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांसाठीच्या कायद्याचा, आधार नाही, कारण स्वतःच्या जागेवरचं एकटं घर म्हणजे प्रकल्प नव्हे. कोणाच्याच टेबलावर हे काम नाही.

शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपालाने अर्ज पाठवला. तिथूनही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. टपालाची पावती जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात ती करता येते, त्याच्या गावी जावं लागत नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ‘देतो, देतो’ ऐकत ती घालवू नका. कोटेशनची मूळ प्रत, बँकेचा उतारा आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपा. असा माणूस नंतर स्वतःचे मेसेज पुसतो. आमचे निम्मे पुसले.

नव्या जाहिरातीत त्याच यार्डातल्या त्याच घराचा फोटो आहे. राखाडी भिंत, लाल पत्रा, पायरीजवळ निळं पिंप आणि त्यावर पांढऱ्या रंगात ‘७’. कंपनीचं नाव वेगळं आहे. बुकिंगची रक्कम अजून ५१,०००च आहे.