एट-एलिमेंट टाकुमार म्हणून गळ्यात मारलेली लेन्स

जुन्या फिल्म कॅमेऱ्यासाठी ५० मिमीची वेगवान, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स शोधत असाल आणि विकणारा तिने डिजिटलवर काढलेले झकास फोटो पाठवत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मला ज्याने गंडवलं त्याने पाठवलेले नमुन्याचे फोटो खरे होते, त्याच लेन्सने काढलेले होते. तरीही ती लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर बिनकामाची होती.

माझ्याकडे ‘असाही’ या जपानी कंपनीचा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक हा जुना फिल्म कॅमेरा आहे. त्याचा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा, एम४२ प्रकारचा: ४२ मिमी व्यासाचा साधा आट्यांचा. सोबत ५५ मिमी एफ/१.८ची सुपर-टाकुमार (टाकुमार हे याच कंपनीच्या लेन्सचं नाव) होती आणि खरं सांगायचं तर ती उत्तम होती. पण संध्याकाळी, घरातल्या उजेडात व्ह्यूफाइंडर अंधारतो आणि फोकस जुळवताना डोळे फुटतात, म्हणून एफ/१.४ हवी होती (एफनंतरचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). एफ/१.८ पेक्षा तिच्यातून साधारण दीडपटीहून थोडा जास्त उजेड येतो. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मध्ये एक भानगड आहे. १९६४ साली स्पॉटमॅटिकच्या सुमारास ती आली तेव्हा तिच्यात आठ काचा होत्या. लवकरच कंपनीने रचना बदलून सात काचांची केली आणि त्यात थोरियम हे किंचित किरणोत्सारी मूलद्रव्य असलेली काच वापरली. नावाच्या रिंगवर दोन्हींना सुपर-टाकुमारच लिहिलेलं असतं. आठवाली कमी निघाली, म्हणून तिला भाव जास्त. जर्मन लेन्स कंपन्यांना नमवायला कंपनीने ती म्हणे तोटा खाऊन विकली, ही कथा विकणारे हटकून ऐकवतात. मलाही ऐकवली गेली. दोन्हींच्या फोटोंत जमीन-अस्मानाचा फरक वगैरे काही नसतो. फरक किमतीत असतो आणि फसवणुकीला जागा तिथेच मिळते.

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘एट-एलिमेंट, मिंट कंडिशन, आजोबांची आठवण’. मागणी २२,००० रुपयांची, सौदा १८,५०० वर ठरला. माणूस बोलायला लाघवी. "दादा, तुमच्यासारख्या जाणकाराच्या हातात जावी एवढीच इच्छा," असं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. मी खूण विचारली. या दोन लेन्स बाहेरून ओळखायची सोपी खूण अशी: फोकसच्या आकड्यांखाली डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे किती अंतरापर्यंतचं स्पष्ट येईल ते दाखवणारी पट्टी असते, तिच्यावर इन्फ्रारेडसाठी एक तांबडी रेघ असते. आठवालीत ही रेघ उजवीकडच्या ४च्या आकड्यापलीकडे असते, सातवालीत ती ४ आणि मधल्या खुणेच्या दरम्यान येते. त्याने लगेच फोटो पाठवला. रेघ ४च्या उजवीकडे, अगदी हवी तिथे. फक्त त्या फोटोत पुढची रिंग आणि तिच्यावरचा सिरियल नंबर दिसत नव्हता. बाकीच्या फोटोंत नंबर दिसत होता, पण तिथे पट्टी पलीकडच्या बाजूला होती. नंबर आणि पट्टी एकाच फोटोत मागा, असं मी आता सगळ्यांना सांगतो. त्याने पाठवलेला रेघेचा फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी लेन्सचा होता.

काच पिवळसर दिसतेय असं मी म्हटल्यावर उत्तर तयार होतं. "जुन्या कोटिंगचा अंबर रंग आहे दादा, तोच तर तिचा कॅरेक्टर." कोटिंगचा रंग काचेवर पडलेल्या प्रतिबिंबात दिसतो. काचेतून आरपार बघताना पिवळं दिसत असेल तर ते कोटिंग नव्हे, थोरियमच्या काचेवर वर्षानुवर्षं चढलेला पिवळेपणा. लेन्स पांढऱ्या कागदावर ठेवून वरून बघितली की लगेच कळतं. आणि आठवालीत थोरियम नसतंच. म्हणजे त्याने ज्याला कॅरेक्टर म्हटलं, तोच ती सातवाली असल्याचा पुरावा होता.

यातही एक मेख आहे. त्याने पाठवलेले नमुन्याचे फोटो मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावरचे होते आणि त्यांत पिवळेपणाचा मागमूस नव्हता. रंग आपोआप सुधारणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सने तो गिळून टाकला होता. कॅमेऱ्याने इमानेइतबारे आपलं काम केलं, विकणाऱ्याचं काम आयतं झालं.

पार्सल आलं. काच स्वच्छ, फंगस नाही, फोकस रिंग मऊ. मऊ कसली, लोण्यासारखी फिरत होती, आणि जुन्या लेन्सची रिंग नको इतकी मऊ फिरली तर ती अलीकडेच कोणीतरी उघडून नवं ग्रीस भरलं आहे असं समजावं. चांगल्या हाताने भरलं असेल तर ठीकच. मागच्या बाजूच्या रिंगच्या खाचा बघितल्या तर काळ्या रंगाखालचं धातू चमकत होतं. स्पॅनर घसरल्याच्या ताज्या खुणा.

तांबडी रेघ ४च्या अलीकडे होती, ते सांगायला नकोच.

तरी म्हटलं, सातवाली तर सातवाली, तीही नावाजलेली आहे, वापरून बघू. लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, रिंग अनंतापर्यंत, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसपर्यंत फिरवली आणि समोरच्या टेकडीवरचा मोबाइल टॉवर बघितला. व्ह्यूफाइंडरच्या मध्यावर मायक्रोप्रिझम असतो, फोकस जुळला नसेल तर तिथलं चित्र लुकलुकतं. टॉवरच्या लोखंडी जाळ्या लुकलुकत राहिल्या. रिंग पुढे जाईना, चित्र थांबेना. काही मीटरवरचं झाड मात्र लख्ख. म्हणजे लांबचं काहीच फोकसमध्ये येत नव्हतं.

पुढे रोल धुऊन आला तेव्हा आणखी एक प्रकार कळला. घरातले, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक) घेतलेले फोटो एक्स्पोजरला बरोबर होते. उन्हातले, ४००च्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर १/५०० आणि एफ/१६ ला घेतलेले निगेटिव्ह काळेकुट्ट, म्हणजे फिल्मवर फारच जास्त उजेड पडलेला. कॅमेऱ्याच्या शटरवर शंका घ्यायचं कारण नव्हतं, कारण माझ्या एफ/१.८ने त्याच उन्हात कधी असं केलं नव्हतं.

शेवटी लेन्स घेऊन मुंबईत फोर्टात गेलो, तिथे एका जिन्याखालच्या टेबलावर कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी लेन्स उलटी धरली, मागची छोटी पिन नखाने दाबली आणि सोडली. दाबल्यावर अ‍ॅपर्चर लहान-मोठं करणारी पाती सावकाश आत सरकली, सोडल्यावर तितक्याच सावकाश उघडली. "बघा, झोपेतून उठल्यासारखी हालतायत," काका म्हणाले. "ही खाडकन मिटायला हवीत." पात्यांवर टॉर्च धरला तेव्हा तेलाचा तवंग दिसला. नवं ग्रीस हलक्या प्रतीचं होतं, त्यातलं तेल सुटून पात्यांवर पसरलं होतं.

फिल्म एसएलआरचं, म्हणजे माझ्यासारख्या आरशातून लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्याचं गणित इथेच डिजिटलपेक्षा वेगळं होतं. आपण फ्रेम बघतो तेव्हा अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असतं. शटर दाबल्यावर कॅमेरा आतून ती पिन ढकलतो, पाती एफ/१६ला मिटतात आणि मग शटर उघडतं. हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा भागात उरकायचं असतं. तेलकट पाती तेवढ्यात एफ/५.६पर्यंतच पोचली, तर फिल्मवर तीन स्टॉप, म्हणजे आठपट उजेड पडतो. मिररलेसवर हे कधीच कळत नाही. तिथे अडॅप्टर (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायची रिंग) ती पिन कायमची दाबून धरतो, किंवा माणूस लेन्सवरचं बटण मॅन्युअलला ठेवतो. पाती आधीच मिटलेली असतात, त्यांना घाई नसते.

अनंताचंही तसंच. एम४२ मध्ये माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी ठरलेलं. बाजारातले बरेच अडॅप्टर जाणूनबुजून किंचित पातळ बनवतात, म्हणजे कोणतीही लेन्स अनंताला पोचतेच, उलट थोडी पुढेही जाते. काकांच्या म्हणण्याप्रमाणे ज्याने लेन्स उघडली त्याने हेलिकॉइड, म्हणजे फोकससाठी काचा पुढेमागे नेणारा आट्यांचा भाग, परत बसवताना आट्याची जागा चुकवली. त्यामुळे काचा हव्या त्याहून किंचित पुढे राहिल्या. हे किंचित म्हणजे किती? ५० मिमीच्या लेन्समध्ये फक्त ०.३ मिमीचा फरक पडला तरी सगळ्यात लांबचा फोकस जेमतेम ८ मीटरवर अडकतो. पातळ अडॅप्टरने तो दोष पांघरून घेतला. स्पॉटमॅटिकच्या माउंटला अशी मुरवत नसते.

म्हणजे पिवळेपणा, तेल आणि चुकलेला फोकस, हे तिन्ही दोष डिजिटलवर झाकले जात होते आणि विकणाऱ्याने दाखवलं ते फक्त डिजिटल. त्याला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. माहीत नसतं तर पट्टीचा दुसऱ्याच लेन्सचा फोटो पाठवायची गरज पडली नसती.

तक्रार केल्यावर त्याचा सूर बदलला. "माझ्या कॅमेऱ्यावर एकदम ओके होती. साठ वर्षांची वस्तू आहे, थोडंफार चालायचंच." मी दोन्ही तांबड्या रेघांचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. दोन निळ्या टिका आल्या आणि नंबर ब्लॉक झाला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यात सांगितलं गेलं की वस्तू मिळाली आहे, दर्जाचा वाद दिवाणी आहे. पैसे घेऊन वस्तूच पाठवली नाही अशा प्रकरणात १९३० ला जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं. माझ्यासारख्या प्रकरणात पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असूनही काही हाती लागलं नाही.

तुम्हाला जुनी वेगवान लेन्स दुरूनच घ्यायची असेल तर फोटोंवर समाधान मानू नका, न तोडलेला एक व्हिडिओ मागा. त्यात आधी सिरियल नंबर, मग पट्टी, मग पांढऱ्या कागदावर ठेवलेली काच. मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरून आत बघायला सांगा, कारण समोरून उजेड टाकला की धुरकटपणा आणि फंगस दोन्ही लपतात. कोकणपट्टीतल्या घरात चामडी केसमध्ये पडून राहिलेल्या लेन्सला फंगस असणारच असं धरून चाला. मग अ‍ॅपर्चर एफ/१६ला ठेवून पिन पटापट दाबायला सांगा, कानाला टकटक ऐकू यायला हवी. विकणाऱ्याकडे फिल्म कॅमेरा नसेल तर अनंत तपासता येत नाही. मग परत घेण्याचं लेखी कबूल करून घ्या, नाहीतर किंमत दुरुस्तीचा खर्च वजा करून लावा. तो "वेळ नाही" म्हणाला तर तुम्हालाही नसू द्या.

आणि भाव ऐकून छाती दडपली तर ५५ मिमी एफ/१.८ घ्या. तिची एफ/२ म्हणून विकलेली आवृत्तीही काचांनी तीच आहे, फक्त रिंग एफ/२ला अडवलेली. आठवालीच्या पैशांत या चांगल्या स्थितीतल्या दोन-तीन येतील आणि वर फिल्मचे रोलही.

माझी लेन्स काकांनी नीट केली. पाती धुतली, हेलिकॉइड पुन्हा जुळवला. पिवळेपणा उन्हाने उतरतो, म्हणून ती खिडकीत ठेवली आहे. उन्हातला अल्ट्राव्हायोलेट उजेड हे काम करतो, पण मागे अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावल्याशिवाय एफ/१.४ची लेन्स उन्हात ठेवू नका, पडदा पेटेल. थोरियमची भीती बाळगू नका, वापरायला काही धोका नाही, फक्त ती काच घासायला किंवा फोडायला जाऊ नका.

जाहिरात मात्र पुन्हा वर आली आहे. विकणाऱ्याचं नाव दुसरं, ‘आजोबां’च्या जागी ‘काका’. फोटो तेच: सागवानी टेबल, फिल्टरच्या कडेला घड्याळातल्या आठच्या जागी बारीक पोचा, आणि रेघेचा तो एक फोटो ज्यात नंबर दिसत नाही. पोचा असलेली लेन्स माझ्याकडे आहे.