जत्रेतली नाटकं: ड्राइव्हवर की आयपीएफएसवर?
गोव्यातल्या फोंड्याकडच्या जत्रांतल्या मराठी नाटकांची रेकॉर्डिंगं ठेवायची कुठे? गूगल ड्राइव्हवर 15 जीबी फुकट, पण त्यातच जीमेल आणि फोटोही. शिवाय खातं एकाच कार्यकर्त्याच्या नावावर. तो मंडळाशी भांडला की संपलं.

आयपीएफएस म्हणजे अनेकांच्या संगणकांवर मिळून फाइली ठेवायचं, 2015 साली आलेलं जाळं. त्यात फाइलचा पत्ता तिच्या आतल्या माहितीवरूनच ठरतो. एक फ्रेम बदलली तरी पत्ता बदलतो, त्यामुळे अस्सल प्रत ओळखता येते. मात्र कुणीतरी ती आपल्या संगणकावर ‘पिन’ करून, म्हणजे पुसली जाऊ नये अशी खूण करून, ठेवायलाच हवी. आपोआप काही टिकत नाही. मी तरी नाटकं आयपीएफएसवरच ठेवीन, पिन मुंबई-पुण्यातल्या गोवेकरांकडेही (पावसात इथल्या विजेचा भरवसा नाही). देणगीदारांची यादी मात्र ड्राइव्हवरच. आयपीएफएसवर पत्ता मिळाला की कुणीही उघडणार, आणि दुसऱ्याकडे गेलेली प्रत आपल्याला पुसता येत नाही.